रिकाम्या खुर्चीचा दिवा

४ फेब्रुवारी

मेनस्विच मावशीला तिच्या चिंगीचा नमस्कार.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणून मधेच तोडतेस आणि मला तुझा सविस्तर सल्ला हवाय. विषय असा आहे की अख्ख्या घरात तुझ्याइतक्या अधिकारानं त्यावर कोणी बोलू शकत नाही.

आमच्या कचेरीत विजेची फार उधळपट्टी होते, असं वरून कळवलंय. मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. मी नवी, अजून कच्च्या नेमणुकीवर. म्हणाले, "तुम्ही उत्साही आहात. लोकांना वीज वाचवायची सवय लावा. जमलं तर तुम्हाला कायम करायचं मी बघतो. नाही जमलं तर..." पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. म्हणजे माझी नोकरी सध्या दिव्यांच्या बटणांवर टांगलेली आहे.

कचेरी म्हणजे एक लांबच लांब हॉल. शहराच्या पाण्याच्या नळांचे जुने, फाटायला आलेले नकाशे आम्ही नव्या कागदावर उतरवतो. प्रत्येकाला एक उतरतं टेबल आणि मान वाकवता येणारा दिवा. हॉलच्या टोकाला जिना, जिन्यावर साहेबांची काचेची केबिन. एका बाजूला ओळीनं खिडक्या आहेत, ऊन भरपूर येतं, आणि ही मंडळी पडदे ओढून दिवे लावून बसतात! भर दुपारी! तू आली असतीस तर दारातच चक्कर येऊन पडली असतीस. मी लहानपणी न्हाणीघरात असताना तू बाहेरून दिवा घालवायचीस आणि वर विचारायचीस, "तुझं नाक कुठे आहे ते तुला ठाऊक आहे ना? मग धू की."

मी रंगीत पाट्या लिहून लावल्या. 'दिवा मालवा, वीज वाचवा.' दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आणि जाडा चष्मा लावा.'

सगळ्यात गमतीची गोष्ट कोपऱ्यातल्या टेबलाची. दुपारी तिथे कोणी नसतं. खुर्ची रिकामी, दिवा मात्र चालू. मी जाऊन घालवते. पाणी पिऊन परत येते तर पुन्हा चालू! कोण लावतं ते दिसत नाही. विचारलं की सगळ्यांना एकदम पेन्सिलींना टोक काढायचं असतं.

तू असतीस तर काय केलं असतंस?

तुझी,
चिंगी


९ फेब्रुवारी

चिंगे,

पत्र वाचून हसले. बाइंडिंगच्या कारखान्यात एकटीच हसायला लागले तशी आमची दोरेवाली टाके घालायचं थांबवून बघत बसली. तिला वाटलं, खळ डोक्यात गेली बाईंच्या.

आधी त्या पाट्या काढ. भिंतीवरचं वाचून कोणी सुधारलं असतं तर 'थुंकू नका' अशी पाटी लावलेला कोपरा सगळ्यात स्वच्छ असता. आणि कोणाला 'घालवा, घालवा' म्हणू नकोस. न्हाणीघरातला दिवा घालवून तू काय शिकलीस? आतून कडी लावून किंचाळायला शिकलीस. दिवा घालवायला नाही.

कारखान्यात मी निराळं केलं होतं. दोरेवालीला विचारलं, तुला उजेड नेमका कशावर हवा? म्हणाली, सुईच्या नाकावर. मग तिचं टेबल दारापाशी सरकवलं. पुठ्ठे कापणाऱ्याला विचारलं, त्याला पट्टीच्या कडेवर हवा होता. त्याला खिडकी दिली. डोक्यावरचे मोठे दिवे आपोआप बंद झाले, भाषण एकही नाही. तेव्हा तू फक्त बघ. कोण, कधी, कशासाठी बटण दाबतं ते बघ. माणूस उगाच काही करत नाही. तुला 'उगाच' वाटतं, कारण तुला त्याचं कारण माहीत नसतं.

आता त्या कोपऱ्यातल्या टेबलाविषयी. तिथे आधी कोण बसायचं? कोणी वारलंय का तुमच्याकडे इतक्यात? चौकशी कर, पण हळू. आणि ते कळेपर्यंत त्या दिव्याला हात लावू नकोस. बाकीचे दिवे आहेत ना पुष्कळ, ते घालव हवे तेवढे.

खोकला बरा आहे. तुझी आई सांगते तेवढा नाही.

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

तू आणि 'दिव्याला हात लावू नकोस'? मी ते वाक्य आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हिला ताप आहे का बघ."

पाट्या काढल्या. तुझं ऐकून नुसती बघत बसले, आणि काय सापडलं माहीत आहे? आमच्याकडे उजेडासाठी दिवा कोणी लावतच नाही! माणूस येतो, पिशवी ठेवायच्या आधी दिवा लावतो. जेवायला जाताना चालू, गप्पा मारायला जाताना चालू. घरी जाताना मात्र आठवणीनं बंद. मी पेन्सिलकाकांना विचारलं. (कानामागे कायम पेन्सिल असते आणि तीच दिवसभर शोधत असतात, म्हणून हे नाव.) ते म्हणाले, "अगं, दिवा नसला तर वरून माणूस दिसत नाही."

मला काही उमजेना. मग सहीच्या निमित्तानं साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तिथून खाली पाहिलं. काच खडबडीत आहे, मावशी. थंडीत श्वासानं धुरकटते ना, तशी दिसते. तिच्यातून माणसं दिसतच नाहीत, दिसतात ते फक्त दिव्यांचे पिवळे गोळे. साहेब हातात कप घेऊन तिथे उभे राहतात आणि समाधानानं म्हणतात, "चाललंय काम." खाली ते सहसा उतरत नाहीत, गुडघे दुखतात.

मग मी एक प्रयोग केला. माझा दिवा बंद ठेवला, पडदा सारला आणि मस्त उन्हात नकाशा उतरवला. दुपारी वरून चहावाल्या बाई निरोप घेऊन आल्या, "साहेब विचारतायत, तब्येत बरी नाही का?" आता सांग, अशा ठिकाणी पहिला दिवा कोण घालवणार?

कोपऱ्यातल्या खुर्चीचं गूढ मात्र वाढलंय. पाठीवर एक करडा स्वेटर आहे. टेबलावर पेला, आणि त्यातलं पाणी रोज ताजं असतं. जागा कोणाची विचारलं तर पेन्सिलकाका म्हणाले, "आहे एकीची," आणि पेन्सिल शोधायला लागले. पेन्सिल कानामागेच होती. तेव्हा कदाचित तू म्हणतेस तसंच असेल, कोणी गेलं असेल. पण तुला हे सुचलं कसं?

एक चांगली बातमी. प्रगती विचारायला साहेबांनी बोलावलं होतं. सांगण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून 'एका रिकाम्या टेबलावर दिवसभर दिवा जळतो, ते शोधून काढलंय' असं सांगून टाकलं. खूश झाले. म्हणाले, "महिना संपला की मी स्वतः खाली येऊन बघतो."

चिंगी


२० फेब्रुवारी

चिंगे,

साहेबांना सांगायची घाई कशाला केलीस? पोटात काही ठरत नाही तुझ्या, अगदी आईवर गेली आहेस.

ताजं पाणी ठेवतात म्हणजे माझी खात्रीच झाली. ती बाई गेली असणार, आणि बरोबरच्यांना ती जागा काळोखी बघवत नसणार. यात वेड्यासारखं काही नाही. एखादं माणूस रोज एकाच ठिकाणी मान खाली घालून बसलेलं असतं. आपण कामात असलो तरी डोळ्याच्या कडेला तो उजेड असतो, म्हणजे ते माणूस असतं. मग एक दिवस ते नसतं. आपण बटण बंद करायला जातो आणि हात पुढे होत नाही. म्हणतो, राहू दे आजचा दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात वीज किती जाते हे आपल्यालाही कळत असतं, कोणी शिकवायला नको.

तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, ते टेबल सोडून बाकी काय ते बघा.

बाकी इकडे ठीक. शाळेच्या वह्यांचं मोठं काम आलंय. पुठ्ठे कापणारा रजेवर गेलाय आणि दोरेवाली दाराशी बसून कुरकुरते की वारा लागतो. तिला आतली जागा हवी आहे. आत जागा नाही.

मावशी


२६ फेब्रुवारी

मावशी,

ती जिवंत आहे!

काल मी भल्या सकाळी कचेरीत गेले. पडदे सारून टेबलं खिडकीकडे फिरवता येतील का, ते कोणी यायच्या आत मोजायचं होतं. दार उघडंच होतं. सगळा हॉल काळोखा आणि कोपऱ्यात तो एक दिवा. खुर्चीत करडा स्वेटर घातलेली बाई, केस अजून ओले, एका हातानं पोळी खातेय आणि दुसऱ्या हातानं रेघ ओढतेय. आणि रेघ कसली! मी पट्टी लावूनही तशी ओढू शकत नाही. मला पाहून तिच्या हातातली पोळी खाली पडली.

सगळे तिला रेघाताई म्हणतात. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत. सकाळी शेजारीण त्यांच्यापाशी बसते, पण तिला दुपारी स्वतःच्या कामाला जावं लागतं. म्हणून रेघाताई पहाटे येते, आणि आम्ही सगळे यायच्या आत, साहेब येऊन वर जिना चढतात त्या सुमाराला मागच्या दारानं निघते. उरलेलं काम घरी नेते, वडील झोपले की करते. काम कधी मागे पडलेलं नाही. पण वेळ म्हणजे वेळ, असा इथला नियम. वर्षापूर्वी एकानं अशीच सवलत मागितली होती, त्याला घरी बसवलं. तेव्हापासून कोणी विचारायला धजत नाही. ती गेली की पाळीपाळीनं कोणीतरी तिचा दिवा लावतं, पाणी भरतं. तो एकटाच उजेड डोळ्यांत भरू नये म्हणून बाकी सगळ्यांचे दिवेही दिवसभर चालू. पडदेही त्यासाठीच. उन्हात कोणता दिवा लागलाय ते वरून कळणार नाही ना!

म्हणजे मी वीज वाचवायला निघाले होते आणि ही सगळी मंडळी तिची नोकरी वाचवत होती.

आणि साहेब पुढच्या सोमवारी खाली येणार आहेत, मी बोलले म्हणून. मला फार वाईट वाटतंय. रेघाताई मला एका शब्दानं बोलली नाही. नुसती म्हणाली, "तुला काय माहीत होतं, बाळ." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पेन्सिलकाका म्हणतात, सोमवारी त्या खुर्चीत चहावाल्या बाईंना बसवू, साहेबांना चेहरा थोडाच आठवतोय! मला हे पटत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही. काय करू? लगेच लिही.

अजून एक. विचारू की नको असं झालं होतं, पण विचारते. मागच्या पत्रात तू त्या कचेरीतल्या लोकांबद्दल लिहायला लागलीस आणि मग 'आपण' लिहीत गेलीस. आपला हात पुढे होत नाही, असं. मावशी, तुझ्या कारखान्यात आपल्या काकांच्या टेबलावरचा दिवा चालू आहे का?

चिंगी


१ मार्च

चिंगे,

हो. ते गेले तेव्हापासून.

दोरेवालीला वाटतं मी विसरते. रोज जाताना आठवण करून देते, "बाई, आतला दिवा राहिला." मी म्हणते, घालवते, तू हो पुढे. आयुष्यभर सगळ्यांच्या डोक्यावरचे दिवे घालवत फिरले आणि हा एक घालवता येत नाही. तुझ्या आईला सांगू नकोस. ती लगेच पिशवी भरून येईल आणि माझ्याकडे बघून रडत बसेल.

आता तुझं. मी चुकले. मला वाटलं तिथेही माझ्यासारखंच काही असेल. पण तुमची ती बाई चालतीबोलती आहे, राबते आहे. तिच्या जागी दिवा बसवून किती दिवस निभवणार? आज तुझ्या तोंडून निघालं, उद्या आणखी कोणाच्या निघेल. आणि खुर्चीत दुसरीला बसवायचा मूर्खपणा मुळीच करू नका. तो उघडा पडला की सगळेच घरी बसाल.

साहेबांना ठरलेल्या वेळी येऊ देऊ नकोस. त्यांना पहाटे आण. ती बसलेली असताना, तिच्या हातात पेन असताना. पण आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर गप्प बस आणि तुझी कायमची नोकरी गेली खड्ड्यात. तुला इथे वह्या शिवायला बसवीन.

मावशी


१९ मार्च

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आमचं काय होणार तेच कळत नव्हतं. आता कळलंय. ऐक.

रेघाताई आधी नाहीच म्हणाली. पण शुक्रवारी निघताना म्हणाली, "मागच्या दारानं जायचा कंटाळा आलाय गं मला. आण त्यांना." मी साहेबांना सांगितलं, विजेचा खरा घोळ बघायचा तर पहाटे यावं लागेल. त्यांची उत्सुकता माझ्याहून भारी निघाली, गुडघ्याला पट्टा बांधून आले. येऊन बघतात तर सगळा हॉल हजर! कोणी कोणाला 'ये' म्हटलं नव्हतं, पण प्रत्येक जण आपापल्या टेबलापाशी उभा, दिवे बंद. चालू फक्त कोपऱ्यातला.

साहेब तिच्यामागे जाऊन उभे राहिले. ती उठली नाही. रेघ अर्धी होती, ती तिनं पूर्ण केली, मग उठली आणि सगळं स्वतःच सांगितलं. वडील, शेजारीण, मागचं दार, सगळं. साहेब नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रोज दुपारी वरून बघतो तर तुम्ही जागेवर असता. मग मला दिसत होतं ते कोण?"

पेन्सिलकाका म्हणाले, "दिवा, साहेब."

साहेब जिना चढून गेले आणि दोन दिवस केबिनचं दार लावून बसले. ते दोन दिवस कसे गेले ते विचारू नकोस. तिसऱ्या दिवशी खाली आले, कोपऱ्यात गेले आणि तिला म्हणाले, "पहाटे या, काम झालं की पुढच्या दारानं जा. मी वर तसं लिहून कळवलंय." रेघाताई खाली बसली आणि स्वेटरमध्ये तोंड खुपसून खूप रडली. आम्हीही.

पडदे काढले. टेबलं खिडकीकडे वळवली, तू केलं होतंस तसंच, प्रत्येकाला विचारून. आता दुपारी क्वचितच एखादा दिवा लागतो. वरून साहेबांना काहीच दिसत नाही, त्यामुळे ते सारखे खाली उतरतात आणि प्रत्येकाला विचारतात, "काय काढताय?" मंडळी वैतागलीत. पेन्सिलकाका म्हणतात, दिवे परवडले. गुडघे मात्र सुधारतायत. विजेचं बिल उतरलं, आणि साहेब वरच्यांना सांगतात की पडदे काढायची कल्पना त्यांची.

मला कायम केलेलं नाही. मुदत वाढवली. साहेब म्हणाले, "तुम्हाला कळलं तेव्हाच मला सांगायला हवं होतं." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रोज निघताना रेघाताई पुढच्या दारात थांबून माझ्याकडे हात हलवते, तेव्हा ते विसरायला होतं.

महिनाअखेर तुझ्याकडे येतेय. काकांचा दिवा चालू असेल तर असू दे. मी काही म्हणणार नाही.

चिंगी


२५ मार्च

चिंगे,

ये. येताना गरम कपडे आण, दाराशी वारा असतो.

तुझं पत्र दोरेवालीला वाचून दाखवलं. ती साहेबांच्या गुडघ्यांवर फार हसली, आणि मग म्हणाली, "बाई, आत जागा आहे की." मी तिच्याकडे बघितलं, ती टाक्याकडे. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. रोज आठवण करून द्यायची ती मी विसरते म्हणून नव्हे.

काल यांचं टेबल पुसलं. खणात एक फुटकं भिंग, सुकलेली खळ आणि तू लहानपणी काढलेलं घोड्याचं चित्र निघालं. घोड्याला पाच पाय आहेत. ते ठेवलंय. उद्यापासून दोरेवाली तिथे बसेल. तिला उजेड सुईच्या नाकावर लागतो, तेवढ्यापुरता ती दिवा लावेल आणि घालवेल. शहाणी आहे.

आज मात्र मी बसले आहे. हे पत्र यांच्या खुर्चीत बसून, यांच्या दिव्याखाली लिहितेय. ठरवलंय, पत्र संपलं की बटण मीच दाबायचं. म्हणून ते जरा लांबतंय. वह्यांचं काम वेळेत गेलं. पुठ्ठे कापणारा रजेवरून आला, जाड होऊन. खोकला गेला. तुझ्या आईला सांग, आता ये म्हणावं, रडायचं तर रड. आणखी काय? मांजरीनं कागदाच्या रद्दीत पिल्लं घातलीत. त्यातलं एक अगदी पांढरं आहे. तुला दाखवीन.

बरं. आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

मावशी

ता. क. दिवा घालवला. खिडकीपाशी येऊन लिहितेय. इथल्या उजेडातही दिसतं गं.